टीव्हीवर मॅच अडकते? स्मार्ट टीव्ही आणि फायर स्टिकला लॅन केबल जोडण्याची संपूर्ण माहिती

वर्ध्याहून नागपूरकडे निघालं की आठेक किलोमीटरवर पवनार लागतं. धाम नदीच्या काठचं गाव, विनोबांच्या आश्रमामुळे नाव ऐकलं असेल. तिथे माझ्या मामाकडे फायबर आलं आणि गोष्ट सुरू झाली. घर जुनं आहे. पुढे ओसरी, मधे मातीच्या जाड भिंतींची खोली, वर कवेलू, आणि मागे नंतर बांधलेली स्लॅबची खोली. टीव्ही मागच्या खोलीत. फायबर जोडायला आलेल्या पोराने जिथे त्याची वायर सगळ्यात कमी लागेल तिथे, म्हणजे ओसरीत दाराजवळ, राउटर ठोकला आणि निघून गेला.

हिवाळाभर सगळं बरं चाललं. एप्रिलमध्ये आयपीएल सुरू झाली आणि ऐन शेवटच्या ओव्हरमध्ये स्क्रीनवर गोल चाक फिरायला लागलं. मामाचा फोन आला : "हे चक्कर काहून फिरून राह्यलं बे?" मी काही बोलायच्या आत त्याने दुप्पट स्पीडचा प्लॅन घेऊनही टाकला होता. चक्कर फिरतच राहिलं. आता तो नवीन टीव्ही बघत होता.

शेवटी कामी आली ती पंधरा मीटर लॅन केबल. तुमच्याही घरी मोबाईलवर नेट धावतं आणि टीव्हीवर अडकतं, असं होत असेल तर प्लॅन बदलण्याआधी किंवा टीव्हीला शिव्या देण्याआधी हे वाचा.

आधी दोष कुठे आहे ते शोधा

हातातला फोन इथे पुरेसा आहे. फोनचा मोबाईल डेटा बंद करा, फक्त वायफाय ठेवा. राउटरपासून दोन हातांवर उभं राहून स्पीड टेस्ट करा. मग टीव्हीच्या अगदी मागे, जिथे स्टिक लटकते तिथे फोन धरून तीच टेस्ट तीन-चार वेळा करा. एकदाच करू नका, कारण आपल्याला आकडा किती आहे यापेक्षा तो किती हलतो हे बघायचंय.

दोन्हीकडे स्पीड कमी असेल तर दोष कंपनीच्या लाइनचा किंवा प्लॅनचा. तिथे तक्रारच करावी लागेल, लॅन केबल काही करणार नाही. पण राउटरजवळ स्पीड प्लॅनएवढा आणि टीव्हीमागे कधी बरा कधी अगदीच मरगळलेला, असं असेल तर इंटरनेट तुमच्या दारापर्यंत नीट पोचलंय. ते दारापासून टीव्हीपर्यंतच्या तीस-चाळीस फुटांत सांडतंय. मामाकडे हेच होतं. मोठा प्लॅन म्हणजे दारापर्यंत जास्त पाणी. पुढचा पाइप होता तसाच.

किती स्पीड लागतो हेही माहीत असू द्या. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की ७२०पी साठी ३ एमबीपीएस, १०८०पी साठी ५ आणि ४के साठी १५ एमबीपीएस पुरे. म्हणजे ३० एमबीपीएसचा साधा प्लॅनही एका टीव्हीला भरपूर आहे. तरीही अडकतं, कारण अडचण वेगाची नसून सातत्याची आहे.

एप्रिलमध्येच का बिघडलं?

मामा म्हणत होता, उन्हाने राउटर तापतो. तेही होतं, पण खरा गुन्हेगार कुलर निघाला. विदर्भात होळी झाली की माळ्यावरचे कुलर खाली उतरतात. मामाकडे तो ओसरीतून मधल्या खोलीत उघडणाऱ्या खिडकीत लागतो. म्हणजे राउटर आणि टीव्ही यांच्या बरोबर मधे. पत्र्याची पेटी वायफायच्या लहरी परत फेकते आणि आतलं पाणी व भिजलेली वुड वूल त्या शोषून घेते. बंद केला तरी फरक नाही, कारण त्रास मोटरचा नव्हता. स्टँडसकट बाजूला सरकवला तेव्हा फोनवरचा आकडा चढला. पण पंचेचाळीस अंशांत मॅचसाठी कुलर सरकवायला घरात कोण तयार होणार?

जाड मातीच्या भिंती, लोखंडी कपाट, पत्र्याची शेड, मोठा आरसा, पाण्याची टाकी, सगळ्यांचं कमी-जास्त असंच आहे. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान असतं, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतं. २.४ गिगाहर्ट्झ जरा लांब जातं, पण तिथे गर्दी फार : शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे त्याच पट्ट्यात. एकमेकांवर न चढणारे चॅनल तिथे तीनच, १, ६ आणि ११. शिवाय बरेच स्वस्त ३२ इंची टीव्ही फक्त २.४ वरच चालतात.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. वायफाय म्हणजे गावच्या सभेतला एकच माइक. एका चॅनलवर एका वेळी एकच डिव्हाइस बोलू शकतं, बाकीचे थांबतात. सिग्नल कमजोर असलेलं डिव्हाइस हळू बोलतं, म्हणून माइक जास्त वेळ धरून ठेवतं. तुमचा मागच्या खोलीतला टीव्ही अगदी हेच करतो. म्हणून टीव्ही सुरू झाला की ओसरीत गेम खेळणाऱ्या भावाचा पिंग उड्या मारायला लागतो.

लॅन केबलमध्ये ही भानगड नाही. जाणारा आणि येणारा डेटा एकाच वेळी वाहतो, मधे भिंत नाही, शेजारी नाही. टीव्ही वायरवर गेला की हवेतली जागा फोनांसाठी मोकळी होते. तुम्ही टीव्ही बघतच नसाल तरी ही केबल तुमच्या कामाची आहे ती अशी.

सिनेमा चालतो, मॅच का अडकते?

सिनेमा किंवा सिरीज चालू असताना ॲप पुढचा बराच भाग आधीच उतरवून ठेवतं. मधे दहा सेकंद वायफाय डगमगलं तरी तुम्हाला कळत नाही. लाइव्ह मॅचमध्ये पुढचा बॉल अजून पडलेलाच नसतो, तर उतरवणार काय? शिल्लक फक्त काही सेकंदांची. तेवढ्यात डेटा आला नाही की चाक फिरतं. ॲप आधी क्वालिटी उतरवून बघतं, म्हणून खेळाडूंचे चेहरे धुरकट होतात, आणि तरी भागलं नाही तर थांबतं. स्क्रीन धुरकट होऊन परत साफ होत असेल तर समजा, वायफाय हेलकावे खातंय.

तुमच्या टीव्हीला वायर कुठे जोडायची?

स्मार्ट टीव्ही असेल तर मागे बघा. टेलिफोनच्या पिनेपेक्षा जरा रुंद, चौकोनी खाच असते, बाजूला लॅन किंवा इथरनेट लिहिलेलं. फायबर कंपन्या देतात त्या सेट-टॉप बॉक्सलाही बहुतेक वेळा ही खाच असते. राउटरच्या मागे लॅन १, लॅन २ अशा खाचा असतात, त्यातल्या कोणत्याही एकीत दुसरं टोक घाला. राउटर वेगळा घेतलेला असेल तर वॅन लिहिलेल्या किंवा वेगळ्या रंगाच्या खाचेला हात लावू नका, तिथून नेट आत येतं. अँड्रॉइड टीव्ही वायर लागली की बहुधा आपोआप तिच्यावर जातो. सेटिंगमधल्या नेटवर्कमध्ये इथरनेट कनेक्टेड दिसलं की झालं. खात्री करायची तर टीव्हीचं वायफाय बंद करून बघा.

फायर टीव्ही स्टिकला लॅनची खाच नसते. तिच्यासाठी ॲमेझॉनचा छोटा इथरनेट अडॅप्टर मिळतो. स्टिकच्या मायक्रो-यूएसबी खाचेत, जिथे चार्जरची वायर लागते तिथेच, अडॅप्टरची शेपटी लागते. चार्जरची वायर अडॅप्टरला आणि लॅन केबलही अडॅप्टरला. दुसऱ्या कंपन्यांचे स्वस्त अडॅप्टरही चालतात, फक्त पॉवर आत घेणारे आहेत ना ते बघून घ्या. इथे एक चूक हमखास होते. स्टिकला पॉवर टीव्हीच्या यूएसबीतून दिलेली असते. एकट्या स्टिकला ती कशीबशी पुरते, अडॅप्टर लागला की कमी पडते आणि स्टिक आपोआप रीस्टार्ट होत बसते. मग लोक म्हणतात अडॅप्टर खराब निघाला. बॉक्समधला चार्जर भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. स्टिकसोबत आलेली एचडीएमआयची छोटी जोडवायरही वापरा. टीव्हीच्या पाठीला चिकटलेली स्टिक आपल्या उन्हाळ्यात चांगलीच तापते.

गूगल टीव्हीवाल्या क्रोमकास्टला टाइप-सी असतं, त्याला पॉवर आत घेणारा आणि लॅनची खाच असलेला टाइप-सी हब लागतो. गूगलने ऑगस्ट २०२४ मध्ये क्रोमकास्ट बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं, पण घरातलं चालू असेल तर फेकायचं कारण नाही.

वायर लावली की स्पीड वाढतो का?

इथे बरेच जण निराश होतात. बहुतेक स्मार्ट टीव्हींची लॅन खाच आणि फायर स्टिकचा ॲमेझॉनचा अडॅप्टर, दोन्ही १०० एमबीपीएसचेच आहेत. टेस्टमध्ये फार तर ९४-९५ दिसेल. तुमचा प्लॅन ३०० चा असेल आणि राउटर टीव्हीच्या समोरच असेल तर ५ गिगाहर्ट्झ वायफायवर याहून मोठा आकडा दिसू शकतो. मग वायर कशाला? कारण तो ९४ सकाळीही ९४ असतो, रात्री आठलाही ९४, कुलर लावला तरी ९४. आणि ४के ला लागतात १५. राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत, समोरासमोर असतील आणि काहीच अडकत नसेल तर माझ्या मते वायरीच्या भानगडीत पडूच नका.

केबल कोणती घ्यायची?

दुकानात कॅट ५ई आणि कॅट ६ अशा दोन मिळतील. दोन्हींवर १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस जातं, म्हणजे घरासाठी दोन्ही चालतात. भावात फार फरक नसेल तर कॅट ६ घ्या. कॅट ७, कॅट ८, सोन्याचा मुलामा वगैरेवर पैसे घालवू नका.

बघायचं असेल तर तांबं बघा. बाजारात बरीचशी केबल सीसीए असते : आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा पातळ थर. भाव कमी, वजनाला हलकी, पण तार ठिसूळ आणि विजेला विरोध जास्त. लांब अंतरावर आणि वळणावर हीच केबल दगा देते. ओळखायची सोपी खूण म्हणजे आतली एक बारीक तार ब्लेडने खरवडा. आतून चांदीसारखी पांढरी दिसली तर सीसीए, खोलवर लालसर राहिली तर शुद्ध तांबं.

घरातल्या घरात १०-१५ मीटर हवी असेल तर दोन्ही टोकांना पिना बसवलेली तयार केबल घ्या, डोकेदुखी नाही. भिंतीला छोटंच भोक पाडायचं असेल तर पिना नंतर बसवाव्या लागतात. त्या पिनेला आरजे-४५ म्हणतात आणि ती बसवायला क्रिम्पिंगचा पाना लागतो. आठ तारांचा क्रम दोन्ही टोकांना एकच हवा. नेहमीचा क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पिनेची खिटी खाली आणि तांब्याचे दात वर धरले की डावीकडून हा क्रम. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात, १ जीबीपीएसला आठही. त्यामुळे काही कारागीर चारच तारा दाबून मोकळे होतात. टीव्हीला फरक पडत नाही, पण उद्या त्याच केबलला लॅपटॉप लावलात आणि स्पीड ९४ च्या वर जाईना, तर आधी पिनेतल्या तारा मोजा.

फोनलाच लॅन केबल लावून बघा

ही माझी आवडती युक्ती. टाइप-सी ते लॅन असा छोटा अडॅप्टर मिळतो. तो अँड्रॉइड फोनला लावा, केबल जोडा, वायफाय आणि डेटा दोन्ही बंद करा. बहुतेक फोनवर वरच्या पट्टीत दोन कोनांमधे तीन ठिपके असं चिन्ह येतं, म्हणजे फोन वायरवरून नेटला जोडला गेला. टाइप-सी असलेल्या आयफोनवरही हे चालतं. काही फोनमध्ये आधी ओटीजी चालू करावं लागतं. आता फोनवर स्पीड नीट आणि टीव्हीवर नाही, तर दोष टीव्ही किंवा अडॅप्टरचा. फोनवरही नाही, तर केबल किंवा पिन. मेकॅनिकची वाट न बघता पाच मिनिटांत निकाल.

केबल टाकताना : ऊन, उंदीर आणि वीज

मामाची पहिली इच्छा होती की केबल अंगणातून जमिनीत पुरून मागे न्यावी. पवनारात खोदकाम म्हटलं की लोक हसतात, कारण आश्रमाच्या जमिनीत खोदताना जुन्या मूर्ती निघाल्या होत्या आणि त्या आजही तिथे बघायला मिळतात. आम्ही मूर्तीच्या भीतीने नाही, पण पाणी आणि उंदरांच्या भीतीने पुरायचं टाळलं. केबल घरातूनच, आढ्याखालून भिंतीच्या कडेने नेली. कवेलूच्या घरात वर उंदीर असतातच, त्यामुळे जिथे हात पोचत नाही तेवढा भाग पीव्हीसी पाइपात घातला.

विजेच्या वायरींना समांतर लांबवर नेऊ नका, वीतभर अंतर ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. एकाच पाइपात दोन्ही तर मुळीच घालू नका, तो धोका नेटचा नाही, जिवाचा आहे. कोपऱ्यावर केबल कागदासारखी दुमडू नका, गोल वळवा. बाहेरून न्यायची असेल तर घरातली राखाडी-निळी केबल आपल्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते; बाहेरच्या वापराची काळ्या जाड आवरणाची केबल मागा. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा आणि आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून घरात न येता तिथेच टपकेल.

आणि वीज. हा भाग घाईत वाचू नका. लॅन केबल तांब्याची असते. घरापासून गोठ्यापर्यंत किंवा शेजारच्या काकांच्या घरापर्यंत उघड्यावरून नेलेली केबल म्हणजे विजेला दिलेली वाट. वीज थेट तिच्यावर पडायची गरज नाही. जवळपास पडली तरी तारेत दाब उसळतो आणि एका टोकाला राउटर, दुसऱ्या टोकाला टीव्ही जातो. दोन वेगळ्या इमारतींमधे न्यायचं असेल तर धातूची तार नसलेली ऑप्टिकल फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर बसवा. आतली काच वीज वाहून नेत नाही. घरातल्या घरात केबल असली तरी मृगाच्या आधीचे ढग गडगडायला लागले की टीव्हीचा प्लग आणि लॅन केबल दोन्ही काढा, पण वीज डोक्यावर यायच्या आत. कडकडाट सुरू झाल्यावर वायरींना हात नको. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा देतं, ते फोनमध्ये असू द्या. शेतात असताना तर नक्कीच.

केबल लावली आणि फोनवरून कास्ट होईना?

टीव्ही वायरवर आणि फोन वायफायवर असला तरी कास्ट चालतं, अट एकच : दोघे एकाच राउटरचे हवेत. कंपनीचा डबा वेगळा आणि तुम्ही घेतलेला राउटर वेगळा असेल, आणि टीव्ही एकाला व फोन दुसऱ्याला जोडला असेल, तर फोनला टीव्ही दिसणार नाही. दोघांना एकाच डब्यावर आणा. फोन गेस्ट वायफायवर असेल तरी हेच होतं. यूट्यूबचं कास्ट केलं की व्हिडिओ टीव्ही स्वतः नेटवरून घेतो, म्हणून तिथे वायरीचा फायदा मिळतो. मिराकास्ट प्रकारच्या स्क्रीन मिररिंगमध्ये मात्र फोनची स्क्रीन हवेतूनच थेट टीव्हीला जाते, तिथे लॅन केबल असून नसून सारखी.

वायर टाकणं शक्यच नसेल तर?

भाड्याच्या खोलीत भोक पाडता येत नाही, ठीक आहे. आधी राउटर जमिनीवरून उचलून उंच ठेवा, कपाटाच्या मागून काढा. फायबरवाल्याला विनंती करून राउटरच टीव्हीच्या खोलीत घेता आला तर सगळ्यात उत्तम. खरं तर जोडणीच्या दिवशीच घरातल्या कुणीतरी त्याच्यासोबत उभं राहून जागा ठरवायला हवी. विजेच्या वायरींतून नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टरही मिळतात, पण जुन्या वायरिंगच्या घरात त्यांचा भरवसा मी देणार नाही. फोनच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवत असाल तर वायरीचा प्रश्नच येत नाही, फक्त फोन टीव्हीजवळ ठेवा आणि डेटाकडे लक्ष द्या. नेटफ्लिक्सच्या हिशेबाने एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत जातात.

गावात लाइट जाते हेही धरून चाला. टीव्ही इन्व्हर्टरवर असेल आणि ओसरीतला राउटर नसेल तर चित्र चालू, नेट बंद. राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा आणि तेवढाच घ्या. मामाने तोही लावलाय, आणि पुढच्या महिन्यात प्लॅन परत जुना केला.